कारोलिन, साल १८७२

स्टॉकहोम, ९ सप्टेंबर १८७३

प्रिय मालेनावहिनी,

देवाची शांती तुझ्या घरात असो.

तू माझे पाच रिक्सडालर परत पाठवलेस, ते पोचले. वर तिकिटाचे बारा ओअर वाया घालवलेस, एवढंच म्हणते. योहान्नेस माझा पाठचा भाऊ. त्याच्या माघारी त्याच्या बायकोला नणंदेनं चार पैसे पाठवले तर ती भीक होत नाही. पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. लग्न होऊन आमच्या घरात आलीस तेव्हा आईनं दिलेली चादर तू महिनाभर घडी न मोडता ठेवली होतीस, 'माझी मी आणली आहे' म्हणून.

असो, पैशाचा विषय संपला. आता दुसरं लिहिते, ते मात्र परत पाठवू नकोस.

माझ्या यजमानांना, कोनराडना जाऊन आठ महिने झाले. टांकसाळीत तीस वर्षं सोनं-चांदी तोलली, आणि गेले ते पाच दिवसांच्या तापानं. मागची खोली मी एका रेल्वेच्या गार्डाला भाड्यानं दिली आहे. सेदरग्रेन त्याचं नाव. माणूस सरळ आहे, पण आठवड्यातले चार दिवस गाडीवर असतो. संध्याकाळची प्रार्थना मी मोठ्यानं वाचते, पण 'आमेन' म्हणायला दुसरं कोणी नसतं. मग माझं मीच दोनदा म्हणते.

तू इथं माझ्याकडे राहायला ये. पाहुणी म्हणून नको, घरची म्हणून ये. उन्हाची बाजू असलेली खोली तुला देईन. तुझं आता त्या बेटावर काय उरलं आहे? हे लिहू नये, पण लिहिते. तुझ्या मुलाचं, हेन्निंगचं जहाज बुडालं त्याला येत्या नोव्हेंबरात दोन वर्षं होतील. 'सेल्मा'वर अकरा माणसं होती, आणि एकाच्याही घरी ओळ आली नाही. वहिनी, तू तिथं एकटी कशाची वाट बघतेस?

तुझी नणंद,
एड्ला

*

ग्रोहोल्म, २८ सप्टेंबर १८७३

वन्सं यांस मालेनाचा सलाम.

पत्र पोचलं. बारा ओअर मी अंडी विकून दिले होते, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.

बेटावर काय उरलं ते विचारलंत. तुमच्या वडिलांनी बांधलेलं घर आहे, त्याचं छप्पर वायव्येकडून गळतं. पाच मेंढ्या आहेत. शेजारीण क्रिस्टियाना आहे, तिला तुमच्या पत्राचं कळलं तेव्हा म्हणाली, "आता राजधानीत जाऊन शहरी टोपी घालून मिरवणार वाटतं!" मी म्हटलं, "मिरवीन, आणि जुनी झाली की तुला पाठवीन." त्यावर दोन दिवस बोलली नाही. बेटावर दोन दिवस न बोलणं म्हणजे फार झालं, कारण बोलायला आम्ही आहोतच मोजकी माणसं.

परवा पाळकसाहेब होडीनं आले होते. म्हणाले, "मालेना, दोन वर्षं होतात. नोव्हेंबरातल्या सर्व संतांच्या रविवारी हेन्निंगसाठी घंटा वाजवू या, आणि मंडळीच्या पुस्तकात नाव लिहू या." मी म्हटलं, "प्रेत नाही, कबर नाही. घंटा ऐकवायची कुणाला?" ते म्हणाले, "तुला."

रात्रभर विचार केला, वन्सं. पाळकसाहेबांचं बरोबर आहे. घंटा वाजली की मी इथं कुणासाठी बसणार? तेव्हा ऐका. त्या रविवारी घंटा वाजू द्या, मग मी घर आवरते आणि तुमच्याकडे येते. पण बोटीचं आणि आगगाडीचं भाडं माझं मी जमवीन, तुमच्याकडून घेणार नाही. पैसे पाठवलेत तर पुन्हा परत येतील, आणि तिकिटाचे बारा ओअर या वेळी तुमच्या नावावर.

मालेना

*

स्टॉकहोम, १२ ऑक्टोबर १८७३

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं. हेन्निंगसाठी घंटा वाजणार म्हणून आनंद झाला असं कोण म्हणेल? पण तू येणार म्हणून झाला, आणि त्याची लाजही वाटली. देव मला क्षमा करो.

उन्हाच्या खोलीतल्या पलंगाची गादी पिंजून घेतली. खिडकीला पडदा नको म्हणशील तर काढून ठेवीन. तुझा चरखा आण. मेंढ्या क्रिस्टियानाला विक, पण फुकटात नको.

भाड्याची चिंता करू नकोस, आणि मी पाठवत नाही म्हणून दुःखही करू नकोस. देव ज्याला जिथून द्यायचं तिथून देतो. त्याचे हात कुठून येतात ते आपण विचारू नये.

तुझी,
एड्ला

*

ग्रोहोल्म, ४ नोव्हेंबर १८७३

वन्सं, वन्सं,

घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाचा. हेन्निंग जिवंत आहे!

शुक्रवारी टपालाची होडी आली. रजिस्टरचं पाकीट, माझ्या नावाचं, छाप गोथेनबर्गच्या टपालाचा. वर पत्ता मोठ्या छापील अक्षरांत, आत चिठ्ठी नाही. तागाच्या कापडाची चिंधी, तिच्यात शिवलेलं एक सोन्याचं नाणं. वन्सं, असलं नाणं मी जन्मात पाहिलं नाही. राजाचं तोंड आपल्याच कार्ल राजाचं, पण वर लिहिलं आहे 'कारोलिन', आणि 'दहा फ्रँक'. फ्रँक म्हणजे फ्रान्सचा पैसा ना? 'सेल्मा' लाकूड घेऊन फ्रान्सलाच निघाली होती.

आणि आता मुख्य गोष्ट सांगते. नाण्यावर साल आहे १८७२! पाळकसाहेबांनी भिंग लावून पाहिलं. 'सेल्मा' बुडाली एकाहत्तरच्या नोव्हेंबरात. बुडाल्यानंतर पाडलेलं नाणं बुडालेला माणूस कसा पाठवील? सांगा मला. पाळकसाहेब भिंग पुसत बसले.

टाकाही बघा ना. बारीक, सारखा, शेवटी दोन गाठी. त्याला शिडं शिवायची सवय, आणि गाठ दोनदा मारायला लहानपणी मीच शिकवलं. लाखेवर ठसासुद्धा शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाचा आहे. शिडं शिवणाऱ्याकडे नावाचा शिक्का कुठला असणार?

रविवारी घंटा वाजवू दिली नाही. देवळाच्या दारात उभं राहून सांगितलं, "जित्याच्या नावानं घंटा वाजवाल तर याद राखा." क्रिस्टियाना रडली. मी रडले नाही.

तेव्हा वन्सं, मी येत नाही. रागावू नका. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? आईनं वाट बघितली नाही असं त्याला वाटेल. चिठ्ठी का लिहिली नाही ते मी ओळखते. जहाज गेलं, सोबती गेले, आपणच वाचलो, याची त्याला लाज वाटत असणार. लाज ओसरली की येईल.

देवाची स्तुती असो.

मालेना

*

स्टॉकहोम, १४ नोव्हेंबर १८७३

(हे पत्र टपालात टाकलं नाही.)

वहिनी,

नाणं माझं आहे. पाकीट मी पाठवलं. ते गोथेनबर्गला टाकायला सेदरग्रेनकडे दिलं, म्हणजे छाप इथला येणार नाही आणि तू परत पाठवणार नाहीस. अंगुस्तान माझं. टाका माझा. गाठ दोनदा मारायला तुला माझ्या आईनं शिकवलं, आणि मलाही तिनंच.

बाहत्तर साली कोनराडनी ते घरी आणलं. ते पाडलं तेव्हा त्यांनीच तोललं होतं, म्हणून पगारातून तेवढं एक बदलून घेतलं. सोन्याचं माझ्याकडे तेवढंच होतं. सोन्याच्या भावानं विकलंस की तुझं भाडं होईल आणि तू माझ्याकडे येशील, एवढाच माझा विचार. सालाकडे मी बघितलंच नाही. जन्मभर त्या नाण्यांच्या गोष्टी ऐकल्या, आणि साल बघितलं नाही.

तू देवाची स्तुती केलीस ती वाचली. मी हे कसं पाठवू?

*

स्टॉकहोम, २० नोव्हेंबर १८७३

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. काय लिहावं ते सुचेना, म्हणून उशीर झाला.

त्या नाण्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते लिहिते, कोनराडकडून ऐकलेलं. नीट वाच आणि घाई करू नकोस. कारोलिन फ्रान्सचं नाणं नव्हे. ते इथंच, स्टॉकहोमच्या टांकसाळीत पाडलं. पाचेक वर्षांपूर्वी आपल्या मोठ्या लोकांना वाटलं, की फ्रान्स, इटली, बेल्जम, स्वित्झर्लंड यांनी एकमेकांत नाणी चालवायचा करार केला आहे, त्यात आपणही शिरावं. आपला रिक्सडालर चांदीचा, त्यांच्याकडे दहा फ्रँकांचं सोन्याचं नाणं. म्हणून त्याच वजनाचं सोनं पाडलं, आणि कार्ल राजाच्या नावावरून त्याला कारोलिन म्हटलं. करार मात्र झालाच नाही. फ्रान्स लढाईत हरला, जर्मनांनी आपलं वेगळं सोन्याचं नाणं काढलं, आणि आता आपण डेन्मार्कशी मिळून क्रोन हे नवं नाणं काढतो आहोत. कारोलिन मधल्या मध्ये राहिलं. रिक्सडालरांत त्याची किंमत ठरवून दिलेली नाही. सोन्याच्या वजनानं सात रिक्सडालर वीस ओअर भरतं, पण दुकानदार उलटसुलट करून परत देतो. ज्या देशांसाठी पाडलं त्यांच्यात गेलं नाही, ज्या देशानं पाडलं तिथं चाललं नाही, असं कोनराड म्हणायचे. शेवटच्या साली तर फारच थोडी पाडली.

सांगायचं ते हे, की असली नाणी इथं स्टॉकहोममध्ये कितीतरी घरांत कपाटात पडून आहेत. ते तुला कोणीही पाठवलेलं असू शकेल. कोणीही, वहिनी. ज्याला तुझी काळजी आहे असं कोणीही.

तरी तू ये. इथं राहूनही वाट बघता येते. क्रिस्टियानाकडे निरोप ठेवता येईल.

तुझी,
एड्ला

*

ग्रोहोल्म, ६ जानेवारी १८७४

वन्सं यांस सलाम आणि नव्या वर्षाचे आशीर्वाद.

तुमचं पत्र मी पाच वेळा वाचलं. तुम्ही शिकलेल्या, म्हणून कळलं. आता माझी खात्रीच झाली. इथं ते कोणी घेत नाही म्हणता, मग इथला माणूस असलं नाणं भेट म्हणून का पाठवील? जिथं दहा फ्रँक चालतात तिथं राहिलेला माणूसच पाठवील. खलाशाला पगारात मिळालं असणार. तुमच्या कोनराडसाहेबांनी कदाचित हेच नाणं तोललं असेल, आणि ते फिरत फिरत माझ्या मुलाच्या हाती गेलं. देवाच्या वाटा बघा!

'ज्याला काळजी आहे असं कोणीही' म्हणता. माझी काळजी असलेली माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजते, वन्सं, आणि त्यातली बरीच देवाघरी आहेत.

नाताळात आपल्या घरच्या रीतीप्रमाणे गेलेल्यांसाठी पलंग सोडले आणि मी जमिनीवर पेंढा पसरून झोपले. पाळकसाहेबांना ही रीत आवडत नाही, त्यांना सांगू नका. सासूबाईंचा पलंग सोडला, योहान्नेसचा सोडला. हेन्निंगच्या पलंगावर मात्र मीठ, पीठ, सुका मासा असं सगळं रचून ठेवलं. मेलेल्यानं चुकूनही तिथं टेकू नये. तो पलंग जित्याचा आहे.

दर शुक्रवारी टपालाच्या होडीला धक्क्यावर जाते. परवा होडीवाला म्हणाला, "मालेना, तुझ्या नावाचं पत्र आणलं नाही म्हणून मला खाऊ नकोस." मी म्हटलं, "तुला कोण खाईल, हाडंच हाडं." हसले सगळे. मी परत फिरले की ते हसायचे थांबतात, तेही मला ऐकू येतं.

एक काम करा. फ्रान्सच्या हाव्र बंदरात आपल्या सरकारचा माणूस, कॉन्सल, असतो म्हणे. तुमचं अक्षर सुंदर, भाषा साहेबी. त्याला पत्र लिहा. हेन्निंग योहान्नेसन, वय चोवीस, डाव्या भुवईवर खूण.

मालेना

*

स्टॉकहोम, ३ मार्च १८७४

प्रिय वहिनी,

कॉन्सलना लिहिलं होतं, उत्तर आलं. 'सेल्मा'वरचा कोणीही माणूस त्या बंदरात उतरल्याची नोंद नाही, आसपासच्या बंदरांतही नाही. त्यांनी नीट चौकशी केली असं दिसतं, पत्र दोन पानी आहे. सोबत पाठवते, पाळकसाहेब वाचून दाखवतील.

वहिनी, मी तुझ्या पाया पडते, यावर विश्वास ठेव.

सध्या मी देवळात प्रभुभोजनाची भाकर घ्यायला जात नाही. कारण नंतर कधी सांगीन.

एड्ला

*

ग्रोहोल्म, १९ एप्रिल १८७४

वन्सं,

कॉन्सलचं राहू द्या. खुर्चीत बसून धक्क्यावरची माणसं दिसत नाहीत. मी स्वतःच निघाले होते.

तीन मेंढ्या क्रिस्टियानाच्या नवऱ्याला विकल्या. तुम्ही म्हणाला होतात तशा फुकटात नाही, पण जवळजवळ तशाच. बर्फ सुटल्यावर पहिल्या बोटीनं गोथेनबर्गला गेले. टपालकचेरीत रांगेत उभी राहिले आणि खिडकीतल्या माणसाला पाकीट दाखवलं. तो म्हणाला, "आजी, रोज शेकड्यांनी पाकिटं येतात." मी म्हटलं, "मला एकच आलं आहे." मग त्यानं वही काढली. नाव सांगायला बंदी आहे म्हणाला, पण माणूस त्याला आठवत होता. पन्नाशीचा, मोठ्या मिशांचा, रेल्वेच्या गार्डाची टोपी घातलेला. आमच्या बेटाचं नाव त्याला धड वाचता येईना, आणि सारखा म्हणत होता, "लवकर करा, माझी गाडी सुटते."

बघा, म्हणजे हेन्निंग फ्रान्समधून परत आला आहे! आपल्याच देशात आहे, आणि तोंड दाखवायला लाजतो, म्हणून कुणा रेल्वेवाल्याच्या हाती दिलं. कुठल्यातरी स्टेशनावर हमाली करत असेल, नाहीतर लाकडं रचत असेल. इतक्या जवळ!

तुमच्याकडे तो सेदरग्रेन राहतो ना, तोही गाडीवरच असतो. त्याला विचारा. रेल्वेचे लोक एकमेकांना ओळखतात, त्यानं मनावर घेतलं तर आठवड्यात शोधून काढील. त्याला सांगा, म्हातारी पायी यायला तयार आहे. स्टेशनाचं नाव तेवढं कळव म्हणावं. मी स्टेशनामागून स्टेशन करत स्टॉकहोमपर्यंत येईन.

परत येताना बोटीवर भिजले, छातीत दुखतं. पण त्यात काही नाही. तुमच्या उत्तराची वाट बघते.

मालेना

*

स्टॉकहोम, गुरुवार, ३० एप्रिल १८७४

वहिनी,

शोध थांबव. घरातून बाहेर पडू नकोस. हे वाचताना बसून घे, आणि शक्य तर क्रिस्टियानाला बोलाव.

रेल्वेच्या टोपीतला तो माणूस आत्ता माझ्या स्वयंपाकघरात बसून वाटाण्याचं सार पितो आहे. तो सेदरग्रेन. पाकीट मी त्याच्याकडे दिलं. नाणं माझं, कोनराडनी आणलेलं. बाहत्तर सालचं आहे कारण बाहत्तर साली ते टांकसाळीत होते. पत्ता छापील अक्षरांत मी लिहिला, माझं अक्षर तू ओळखू नयेस म्हणून. चिंधी माझ्या जुन्या परकराची. टाका माझा. ठसा माझ्या अंगुस्तानाचा.

हेन्निंगनं काही पाठवलेलं नाही. वहिनी, हेन्निंग नाही.

तू माझे पैसे घेत नव्हतीस. तुला इथं आणायला भाडं हवं होतं. मला वाटलं, कुठून आलं ते कळलं नाही तर तू देवानं दिलं समजून घेशील. तुझं नव्हे, माझंच एकटेपण मला बघवत नव्हतं. ते आधी लिहायला हवं. तुझ्यासाठी केलं असं मी सहा महिने स्वतःला सांगत होते.

पहिल्या आठवड्यातच खरं लिहिलं होतं. ते पत्र माझ्या बायबलात पडून आहे. सोबत घालते, म्हणजे तुला तारीख दिसेल. पाठवलं नाही, कारण तू 'देवाची स्तुती असो' असं लिहिलं होतंस. मग नाण्याची गोष्ट सांगून तुझं तुला कळू द्यावं असं केलं. ते तर खोट्याहून वाईट झालं. त्यातूनच तू पक्कं धरून बसलीस. मग कॉन्सलच्या तोंडून खरं कळावं म्हणून वाट बघितली. माझ्या तोंडून निघायला हवं होतं ते सगळ्या जगाच्या तोंडून निघावं म्हणून मी थांबले, आणि तू तीन मेंढ्या विकल्यास.

मनात खोटं ठेवून ती भाकर घेऊ नये, म्हणून तीनदा प्रभुभोजन चुकवलं. इथल्या पाळकांनी विचारलं तेव्हा गुडघा दुखतो म्हटलं. म्हणजे तिथंही खोटंच.

सेदरग्रेनवर रागावू नकोस, त्याला काही ठाऊक नव्हतं. तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. त्यानं चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "बाईसाहेब, मला त्या बेटाचं नाव मुळीच वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं."

क्षमा मागत नाही. मागायला जागा नाही. छातीला राईचं पोटीस लाव आणि ओल्यात हिंडू नकोस.

एड्ला

*

स्टॉकहोम, ८ जून १८७४

वहिनी,

तुझं उत्तर नाही. ते मी समजू शकते. फक्त छातीचं दुखणं कसं आहे ते कुणाकडून तरी कळव. क्रिस्टियानानं दोन शब्द लिहिले तरी चालतील.

एड्ला

*

स्टॉकहोम, २१ जुलै १८७४

वहिनी,

तुमच्या पाळकसाहेबांना लिहून विचारलं. तू हिंडतेफिरतेस असं त्यांनी कळवलं, बाकी काही लिहिलं नाही. एवढं पुरे आहे. यापुढे लिहून तुला त्रास देणार नाही.

सगळं खरं सांगून प्रभुभोजनाला गेले. वाटलं होतं तसं हलकं काही झालं नाही.

एड्ला

*

ग्रोहोल्म, ३० ऑगस्ट १८७४

एड्ला,

तीस वर्षं वन्सं म्हटलं, अहोजाहो केलं. आता हात तिकडे वळत नाही.

तुझी तिन्ही पत्रं आली. पहिलं पाळकसाहेबांना दाखवलं. म्हणाले, "मालेना, तिचा हेतू चांगला होता." मी म्हटलं, "हेतू त्या चिंधीत शिवलेला नव्हता. त्यात नुसतं नाणं होतं." ते पुन्हा भिंग पुसायला लागले. माणूस चांगला आहे, पण फार पुसतो.

मे आणि जून मी कुणाशीच बोलले नाही. हेन्निंगच्या पलंगावरचं मीठ-पीठ काढायला दोन महिने लागले. एकदा पीठ काढलं आणि परत ठेवलं. तुला कळावं म्हणून लिहिते. तुझ्या पाकिटाआधी माझा मुलगा एकदा मेला होता, आणि ते मी गिळत आणलं होतं. तू त्याला सहा महिने जगवलंस आणि परत मारलंस. या सहा महिन्यांत मी त्याच्यासाठी दोन जोड पायमोजे विणले.

गेल्या रविवारी घंटा वाजवली. घंटा वाजवणाऱ्या ओलाउसला तेच नाणं देऊ केलं. त्यानं दातांखाली धरलं आणि म्हणाला, "सोनं आहे खरं. पण याचे किती समजायचे? रिक्सडालर नाही, क्रोन नाही. मालेना, त्यापेक्षा मला लोकर दे." उरलेल्या दोन मेंढ्यांची लोकर दिली. घंटा बरीच लांबली. ओलाउसनं लोकरीच्या मानानं जास्तच वाजवली. मी देवळात बसून ऐकली, शेवटपर्यंत.

आता तुझं. समुद्रानं मुलगा नेला तेव्हा मला भांडायला कोणी मिळालं नाही. समुद्राशी भांडून उपयोग नाही, आणि देवाशी भांडायची माझी छाती नाही. योहान्नेस असता तर त्याच्यावर ओरडले असते. तो राग मी कुठं ठेवला होता ते मलाही ठाऊक नव्हतं. आता मला त्याचा पत्ता लागला आहे, आणि तो पत्ता तुझा आहे. पण कागदावर मला रागावता येत नाही. एकेक अक्षर काढता काढता अर्धा राग जातो, आणि तो मला असा वाया घालवायचा नाही.

म्हणून तू ये. मी तुझ्या राजधानीत पाऊल टाकणार नाही, उन्हाची खोली तुझी तुला लखलाभ. घर तुझ्या बापाचं आहे, कुणाला विचारायला नको. मी किती दिवस तुझ्याशी बोलणार नाही ते सांगता येत नाही. आणि बोलायला लागले की कधी थांबेन तेही सांगता येत नाही. दोन्ही सोसायची तयारी असेल तर ये, नसेल तर राहू दे. जेवायला घालीन. पलंग तीन रिकामे आहेत, हवा तो घे. क्रिस्टियाना काही बोलली तर तिला मी बघून घेईन. तुला बोलायचा हक्क माझा आहे, तिचा नाही.

नाणं टपालानं पाठवत नाही. वाटेत दुसऱ्या कुणा बाईच्या हाती पडायचं, आणि तिला काहीतरी वाटून बसायचं.

नोव्हेंबर संपला की इथली उतारूंची बोट बंद होते, ती थेट एप्रिलात सुरू होते. ते ध्यानात घेऊन ये.

मालेना